सोपवणी

साक्षीदार घड्याळं दुरुस्त करणारा होता. दुकानावरून दोघा भावांचं भांडण. थोरला पिंजऱ्यात, धाकटा बाकावर, आणि दोघं एकमेकांकडे न बघता एकाच वेळी नाक पुसत होते. मी नेहमीसारखी पिंजऱ्याच्या डाव्या हाताला, डुगडुगणाऱ्या खुर्चीत. कोर्टाची भाषा वेगळी, आमची वेगळी. आमच्या भाषेत बोलणारा कुणी उभा राहिला की दुभाषी म्हणून मला बोलावतात. साक्षीदाराच्या आधी माझी शपथ होते. ऐकेन तेच सांगेन, पदरचं काही घालणार नाही, ऐकलेलं काही गाळणार नाही. एकदा शपथ झाली की मी उरत नाही. साक्षीदार 'मी' म्हणतो, मीही 'मी' म्हणते. अशा रीतीनं मी आजवर कुलपं फोडली आहेत, शेजाऱ्याची भिंत पाडली आहे, दोन बायकांशी एकाच वेळी संसार केला आहे, आणि संध्याकाळी घरी जाऊन शांतपणे जेवले आहे. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. वकिलानं विचारलं, दुकानाची किल्ली तुमच्याकडे कशी आली? थोरला म्हणाला, "वडिलांनी दिली." लेखी काही आहे का? "लेखी कशाला, साहेब? सोपवणी होती ती."

आणि मी थांबले. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी अडखळलेली त्यांनी पाहिली नव्हती. मी म्हटलं, या शब्दाला कोर्टाच्या भाषेत नेमका शब्द नाही. त्या म्हणाल्या, मग साक्षीदारालाच अर्थ विचारा. तो बिचारा खूश झाला. पहिल्यांदाच कुणी त्याला त्याच्या मनातलं विचारत होतं. "म्हणजे असं बघा, थोरल्यानं धाकट्याच्या हातात द्यायचं. ज्याच्या हातात आलं त्यानं ते आपलं समजायचं नाही, पुढच्याचं समजायचं. रविवारच्या प्रवचनात सांगतात की. मोठ्या सरांचा शब्द आहे तो." मी ते सगळं त्याच क्रमानं, त्याच स्वरात कोर्टाच्या भाषेत सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा. तो मोठ्या सरांचा शब्द आहे. माझ्याच तोंडून, शपथेवर, न्यायाधीशांच्या समोर. लघुलेखकानं ते टिपून घेतलं आणि दावा पुढे चालू झाला.

शब्द माझा आहे. पेरणी, मागणी, मोजणी, तशी सोपवणी. भाषांतर मंडळाच्या मागच्या खोलीत, जिथं खिडकी उघडली की शेजारच्या धोब्याच्या इस्त्रीची वाफ आत यायची, तिथं एका दुपारी मी तो बनवला आणि मोठ्यानं म्हणून पाहिला. लोक शब्द देतात आणि पाळत नाहीत अशी जगाची तक्रार असते. मी एका माणसाला शब्द दिला आणि त्यानं तो पाळला, चांगला खाऊपिऊ घालून वाढवला, फक्त आपलं आडनाव लावून. हे मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की त्यातला विनोद झिजून गेला आहे, नुसती धार उरली आहे.

मधल्या सुट्टीत कोर्टाच्या मागच्या जिन्यावर उभी होते. हात गार पडले होते. फोन वाजला. तो नंबर आठवडाभर वाजत होता आणि आठवडाभर मी तो वाजू देत होते, कारण तो मोठ्या सरांच्या घरचा होता. एरवी त्याही वेळी दिला असता वाजू. पण त्या घड्याळवाल्यानं माझ्या तोंडाची चव घालवली होती आणि मला कुणाशी तरी वाईट बोलायचं होतं. मी उचलला.

"टाचणी, मी बोलतेय गं," काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या.

टाचणी हे सरांनी ठेवलेलं नाव. प्रत्येक शब्दाला टोचून बघते म्हणून. मंडळ सुटल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती, आणि चीड अशी की ऐकल्यावर मी नकळत "ओ" दिली.

काकूंनी सांगितलं ते थोडक्यात असं. सरांना झटका येऊन अडीचेक महिने झाले होते. उजवी बाजू गेली, जीभ वाकडी झाली, लिहिणं तर नाहीच, अक्षरं ओळखताही येत नाहीत. ऐकू सगळं येतं. कळतंही बहुतेक, पण डॉक्टर म्हणाले की हो-नाहीची अदलाबदल होते. मान आडवी हलवतात तेव्हा त्यांना हो म्हणायचं असतं. "आणि गं, सारखं एकच वाक्य म्हणतात. सकाळी उठल्यापासून. ए इयं आए, ए इयं आए. काहीतरी हवं आहे असं म्हणतात हे कळतं, पण काय हवं आहे तेच कळत नाही. पांघरूण देऊन झालं, रेडिओ लावून झाला, चष्मा, ग्रंथ, पाळकांना बोलावून झालं. परवा माझ्या बहिणीचा फोटो दाखवला, म्हटलं काय सांगावं. चिडतात आणि पुन्हा तेच. त्यांचं पेन्सिलवालं बोलणं तुलाच तेवढं कळायचं. येशील का?"

कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही म्हणतात. आजारी पडते की नाही, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. मी म्हटलं, "उद्या दुपारी येते."

पेन्सिलवालं बोलणं म्हणजे काय ते सांगायला हवं. सर मजकूर सांगताना पेन्सिल दातांत आडवी धरत. तोंडात पेन्सिल असली की फालतू शब्द बाहेर पडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी समोर बसून लिहायची. पहिले काही महिने मला नुसती घरघर ऐकू यायची. मग हळूहळू ओठांशिवायचे प आणि जिभेशिवायचे त कळायला लागले. खोलीत तिसरं माणूस आलं तर ते बावळटासारखं बघत बसे, आणि मी सरांचं बोलणं त्याला समजावून सांगे. दुभाषीपणाची माझी पहिली नोकरी तीच, असं म्हणायला हरकत नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता. जिच्याशिवाय एखाद्या मोठ्या माणसाचं बोलणं जगाला कळत नाही ती मी, असं वाटायचं. पंचविशीत काहीही वाटतं.

आमचं काम पवित्र शास्त्राच्या नव्या भाषांतराचं. जुनं भाषांतर लोकांच्या तोंडी होतं पण कळत नव्हतं, म्हणून मंडळ नेमलं होतं आणि सर त्याचे प्रमुख भाषांतरकार. तिथं ते क्रियापद मला भेटलं. मूळ ग्रीकात त्याचा अर्थ एवढाच, की आपल्या हातातलं दुसऱ्याच्या हातात देणं. वाडवडील पोरांना रीत देतात, तिथं ते आहे. आणि त्याच रीतीवरून प्रभू शास्त्र्यांना फटकारतो, माणसांनी दिलेलं धरून बसता आणि देवाचं सोडता, तिथंही त्याच क्रियापदाचं नाम आहे. प्रेषित आपल्या मंडळ्यांना लिहितो की मी तुमच्या हाती दिलेलं घट्ट धरा, तिथंही तेच. आणि बारा शिष्यांतला तो एकजण बागेत मुका घेऊन गुरूला शिपायांच्या हाती देतो, तिथंही तेच. बाप मुलाला जगाच्या हाती देतो. मुलगा शेवटी आपला श्वास देऊन टाकतो. सगळीकडे तेच एक. परंपरा आणि दगा एकाच शब्दाच्या पोटी जन्मलेले. आम्ही मात्र तीन खण केले होते: शास्त्र्यांची असेल तर 'रूढी', प्रेषिताची असेल तर 'शिकवण', आणि बागेतलं असेल तर 'धरून देणं'. वाईट ते एका खणात, चांगलं ते दुसऱ्यात, आणि पाप तिसऱ्यात कुलूप लावून. मी सरांना म्हटलं, हे आपण वाचणाऱ्यापासून लपवतोय. ते पेन्सिलमागून म्हणाले, वाचणाऱ्याला गोंधळात टाकायचं नसतं. मी म्हटलं, सर, गोंधळ मुळात आहे.

एका वाक्यात तर ते क्रियापद दोनदा येतं. शेवटच्या जेवणाची हकिगत सांगताना प्रेषित म्हणतो, मला प्रभूकडून मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. आणि लगेच पुढे, ज्या रात्री प्रभूला पकडून दिलं त्या रात्री. दोन्हीकडे तेच. मी दोन्हीकडे 'सोपवलं' लिहिलं. जे मला मिळालं ते मी तुम्हाला सोपवलं, की ज्या रात्री त्याला सोपवलं गेलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली. सरांनी ते वाचलं आणि पेन्सिल तोंडात असतानाच म्हणाले, "राहू दे. हेच खरं आहे." ऐकणारी मी एकटी. समजू शकणारीही मी एकटी.

कच्च्या प्रती गावोगावच्या चर्चमध्ये वाचून बघायला पाठवल्या होत्या. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी शास्त्रपाठ वाचायचे ते माझे वडील. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभर भिंगं घासायची आणि रविवारी इस्त्रीचा सदरा घालून वाचायचं. आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक अक्षर पुसून ठेवल्यासारखं यायचं. ते वाक्य त्यांच्या वाट्याला आलं. आपल्या मुलीच्या हातचं आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा हळू वाचलं. खाली कुजबुज सुरू झाली. प्रेषित आणि तो द्रोही एकाच मापात? बाहेर पडताना लोक वडिलांशी बोलले नाहीत. तसंच इतर गावांतही झालं, तक्रारी आल्या, मंडळाची बैठक बसली. अध्यक्षांनी तो कागद टेबलावर आपटून विचारलं, हे कुणाचं? मी सरांकडे बघत होते. मला वाटलं, आता ते सांगतील, हे आमचं आहे, आणि मूळ असं असं आहे. सरांनी पेन्सिल तोंडातून काढली, रुमालानं पुसली, टेबलावर सरळ ठेवली, आणि लहान मुलालाही कळेल इतक्या स्वच्छ उच्चारात म्हणाले, "हे हिचं आहे."

हे हिचं आहे. तीन शब्द. मुका तरी घ्यायचा होता.

मला काढलं, त्याचं मला इतकं नाही. नाही म्हणजे आहेच, पण ते पोटापाण्याचं दुखणं, ते जातं. पाळकांनी वडिलांकडून वाचन काढून घेतलं. वाईट बोलून नाही; आता तरुणांना संधी देऊ या म्हणाले. वडील त्यानंतरही चर्चमध्ये जात, शेवटच्या बाकावर बसत, आणि दुसरा कुणी वाचत असताना त्यांचे ओठ हलत. मी त्यांना हजारदा सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही. त्यांना पटायचं नाही. भिंग घासता घासता थांबून विचारायचे, "मी ते नीट वाचलं होतं ना? पहिल्या 'सोपवलं'नंतर जरा जास्त थांबलो का? तिथं थांबलो नसतो तर लोकांना नीट कळलं असतं." शेवटच्या दुखण्यात औषधं विसरले, माझं नाव विसरले, हे नाही विसरले. "जास्त थांबलो का गं?" नाही हो बाबा. "थांबलो असणार." जाईपर्यंत ते त्या एका विरामाचं ओझं घेऊन होते, आणि त्याच सुमारास सर गावोगाव व्याख्यानं देत होते.

हो, सोपवणीवरचं व्याख्यान. मंडळावरची जुनी मंडळी एकेक करून गेली, वारं फिरलं, आणि सरांनी उभं राहून सांगितलं की बंधूंनो, परंपरा म्हणजे सोपवणी. आणि जो शब्द देण्याचा तोच दग्याचा, कारण हातातून सुटलेल्या गोष्टीचं पुढे काय होईल हे देणाऱ्याच्या हाती नसतं. लोक रडले म्हणे. आयत्या बिळावर नागोबा असा काही डुलला की बीळ कुणी खणलं हे मुंगीलासुद्धा आठवेना. त्या प्रेषितानं निदान सांगितलं होतं की मला कुणाकडून मिळालं. त्याच्या वाक्याचा अर्धा भाग तोच आहे. सरांनी उरलेला अर्धाच घेतला: मी तुम्हाला देतो. मी त्यांच्या एकाही व्याख्यानाला गेले नाही. घरात बसून मी त्यांना वेगवेगळ्या तऱ्हांनी मारलं. भर सभेत उठून बोलले, पत्रं लिहिली आणि फाडली, रस्त्यात गाठून मुस्काटात दिली. सुंभ जळाला पण पीळ गेला नाही. कोर्टात खुनाच्या खटल्यात आरोपी म्हणाला होता की मी रोज मनात मारायचो, म्हणून प्रत्यक्षात मारल्याचं मला नवं वाटलं नाही. ते वाक्य मी जरा जास्तच चांगलं भाषांतरित केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. इमारत तीच, जिना तोच, दारावरची पाटी नवी. काकूंनी दार उघडलं आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. त्या वाळून गेल्या होत्या. त्यांच्यावर माझा राग कधीच नव्हता. त्यांनी मला पुष्कळदा जेवू घातलं होतं, आणि मी गेल्यावर का गेले हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. "बारीक झालीस," त्या म्हणाल्या, आणि हे मला त्यांना म्हणायचं होतं.

सरांचा पलंग अभ्यासाच्या खोलीत हलवला होता. पुस्तकांचा वास आणि आजाऱ्याचा वास एकमेकांत मिसळले होते. खिडकीत पेला, पेल्यात पेन्सिली, प्रत्येकीवर मधोमध दातांचे वण. खुर्चीत एक चाळिशीचा माणूस बसला होता, तो प्रकाशनाचा संपादक. सरांच्या व्याख्यानांचा मोठा ग्रंथ निघणार होता आणि पहिल्या पानावर सरांचा संदेश हवा होता. "इतके दिवस एकच गोष्ट म्हणतायत म्हणजे काहीतरी मोठं असणार, बाई," तो म्हणाला, "तुम्ही फक्त सांगा, मी ध्वनिमुद्रण करतो," आणि त्यानं फोन पांघरुणावर ठेवला. पलंगाशेजारी एक वाटी होती. पाण्यात पूड घालून ते पेजेसारखं घट्ट केलेलं. पातळ पाणी सरांच्या छातीत जातं, म्हणून तेच चमच्यानं भरवायचं, असं काकूंनी सांगितलं.

मी पलंगाच्या डाव्या हाताला बसले. कोर्टातली सवय. सरांचा चेहरा उजवीकडून खाली घसरला होता, पण डोळे तेच, शब्द निवडताना बारीक होणारे. त्यांनी मला ओळखलं. डाव्या डोळ्यात पाणी आलं, ते झटक्यामुळेही येतं म्हणे. मग ते म्हणाले, "ए इयं आए."

मला ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी खोलीत आणखी कुणी बोललं का म्हणून वर पाहिलं. हे हिचं आहे. डावा हात चादरीवरून उचलला गेला, माझ्या दिशेनं वीतभर आला, आणि पडला. पुन्हा, "ए इयं आए." मी येण्याआधी ते 'तिचं' म्हणत असणार, वाकड्या जिभेवर दोन्ही सारखंच. अडीच महिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा माणूस हेच सांगत होता, आणि त्याला पांघरूण मिळत होतं, रेडिओ मिळत होता, मेहुणीचा फोटो मिळत होता.

तेच वाक्य. एकदा त्यानं मला दाराबाहेर घातलं होतं आणि आता तेच मला आत घेत होतं. तेव्हा धरून दिलं, आता सोपवत होते. असं होऊ शकतं हे त्यांना शिकवलं कुणी? मीच. संपादक पुढे झुकला होता, फोनवरची तांबडी खूण लुकलुकत होती. मी नुसतं 'मी' म्हणून नाही, 'सर म्हणतात' म्हणून सांगायचं होतं, आणि पहिल्या पानावर ते छापून आलं असतं. शब्द माझा माझ्या घरी. त्यासाठी मी काय काय केलं नसतं. वाक्य ओठांवर तयारही होतं. ऐकलं की सांगायचं, या सवयीनं जीभ टाळूला लागली होती. आणि मला वडिलांचे ओठ दिसले, शेवटच्या बाकावर, दुसऱ्याच्या वाचनाबरोबर हलणारे. ज्यानं हे ऐकायला हवं होतं त्याचे कान मातीत गेले. वरातीमागून घोडं आलं होतं आणि मी त्याला हार घालायचा होता. सरांना हलकं व्हायचं होतं. मोकळं होऊन, स्वच्छ होऊन, एखाद्या दुपारी झोपेत जायचं होतं. आणि माझ्या बाबांनी तो एक विराम छातीवर घेऊन जायचं, हा कुठला न्याय? नाही. जे तुम्ही एकदा पेन्सिल काढून सांगितलंत ते परत घ्यायला तुम्हाला माझंच तोंड लागतं ना? ते मी देत नाही.

"काय म्हणतात?" संपादकानं विचारलं.

"पाणी हवं आहे म्हणतात," मी म्हटलं.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई. पाणी? तरीच हवं आहे, हवं आहे ऐकू येतं. पण मी एक-दोनदा विचारलं तर तोंड फिरवलं त्यांनी."

"एकदम जास्त दिलं असेल. दोन-दोन चमचेच द्या. पण मागतील तेव्हा लगेच."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना ऐकू सगळं येत होतं. त्यांनी मान हलवली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा पुन्हा, आणि घशातून मोठ्यानं, "ए इयं आए, ए इयं आए." "हो हो, देते हं," काकू म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "बघ, नाही म्हणतायत, म्हणजे हो." त्यांनी वाटी घेतली, एका हातानं हनुवटी धरली आणि चमचा दातांमधून आत घातला. जिथं पेन्सिल असायची तिथंच. त्या घट्ट पाण्यानं वाक्य मध्येच बंद झालं. सरांनी गिळलं. गिळावंच लागतं, नाहीतर छातीत जातं. आमच्या भाषेत एखाद्याला पाणी पाजणं याचे दोन अर्थ होतात. कोर्टाच्या भाषेत सांगायची वेळ आली असती तर मला एकच निवडावा लागला असता.

संपादक जरा हिरमुसला होता. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "पाणी," तो म्हणाला. "प्रभूसुद्धा शेवटी वधस्तंभावरून हेच म्हणाला नाही का? तहान लागली आहे. एवढ्या मोठ्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना दिलं आणि शेवटी एवढंच मागितलं. बाई, तुम्ही आम्हाला केवढी गोष्ट दिलीत." त्यानं फोन उचलून खिशात ठेवला. मी म्हटलं, मी काही दिलं नाही, ऐकलं ते सांगितलं.

निघताना मी वळून पाहिलं. सर छताकडे बघत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी ते ओठ ओळखत होते, दुसऱ्या एका माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पुष्कळ बरं वाटलं, जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत. पुढे रस्त्यात माझा थांबा मागे गेला तरी मी चालतच राहिले. आपला शब्द आपणच बुडवला आहे, आणि आता जगाच्या पाठीवर तो माझा आहे हे म्हणणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्या तोंडात मीच पाणी भरून आले आहे, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. पण हात गार नव्हते.

ग्रंथ निघाला. पहिल्या पानावर सरांचं मागणं म्हणून एकच शब्द मधोमध छापला होता, पाणी. आमच्या पाळकांनी त्यावर रविवारी प्रवचन केलं आणि मी शेवटच्या बाकावर बसून ऐकलं. चांगलं केलं. ते म्हणाले की हीच सरांची शेवटची सोपवणी.

घड्याळवाल्या भावांच्या दाव्याची पुढची तारीख आली. मी दाराबाहेर उभी असताना काकूंचा फोन आला. त्या आता अधूनमधून करतात.

"तू आलीस म्हणून सुटले गं मी," त्या म्हणाल्या. "आता दिवसभर तेच मागतात. नर्सलासुद्धा शिकवून ठेवलंय, ए इयं आए म्हणाले की पाणी. रात्रीची दुसरी येते, तिला ही शिकवते. परवा भाची आली होती, तिला कुणी सांगायलाही लागलं नाही, तिनंच चमचा उचलला."

"पितात का?" मी विचारलं.

"आधी नाही-नाही म्हणून मान हलवतात. डोळ्यांतून पाणी काढतात. पण त्यांचं नाही म्हणजे हो ना. मग मी पाजतेच."

आतून शिपायानं माझं नाव पुकारलं. मी फोन ठेवला आणि शपथ घ्यायला आत गेले.